नांदवलची ताजीम

वेलदोडे तोलताना सियागंजातल्या दुकानदाराने पारड्यात वजन म्हणून जो तांब्याचा तुकडा टाकला, तो नांदवल संस्थानचा पैसा होता. अच्युतरावांनी तो लगेच ओळखला. न ओळखून जातात कुठे? तो पैसा बंद करवणारे तेच होते. वरच्या बाजूचा सूर्य झिजून गुळगुळीत झाला होता, त्याच्या किरणांच्या जागी नुसत्या रेघा उरल्या होत्या, आणि खालच्या बाजूला कट्यार असणार हे त्यांना पारड्यात हात न घालताही ठाऊक होतं. "ये कहाँ से आया?" त्यांनी विचारलं. "कौन, ये?" दुकानदाराने मान वर न करताच उत्तर दिलं, "बाप के टाइम का है बाबूजी. डिब्बा भरके पड़े हैं. चलते तो हैं नी, पर तौल के सच्चे हैं. आप देख लो, मासाभर फर्क निकले तो माल फोकट." त्याला वाटलं, गिऱ्हाइकाला वजनाची शंका आली. अच्युतरावांना कसलीच शंका आली नव्हती. त्यांच्या फक्त बरगडीखाली काहीतरी हललं, जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटून पाय टाकावा आणि अजून एक निघावी, तसं. मागून मिरच्यांचं पोतं घेऊन एक हमाल "हटो भिया, हटो" करत गेला. सगळ्या गल्लीला ठसका लागला, अच्युतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मिरच्यांचंच आहे असं धरून त्यांनी रुमालाने पुसलं. वेलदोड्यांची पुडी घेऊन ते रामबागेच्या दिशेने चालू लागले. चारोळी राहिली हे घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नाही.

खरं तर आज सुटीचा दिवस होता आणि सुटीच्या दिवशी सियागंजात उन्हातान्हाचं जायचं त्यांना काही कारण नव्हतं. पण इंदुमतीचा धाकटा भाऊ शरद दिल्लीहून आला होता, त्याला श्रीखंड आवडतं, आणि मुख्य म्हणजे घरात बसलं की शरदशी बोलावं लागतं. शरद दिल्लीला व्यापार खात्यात होता. काल संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्याने आपला बेत सांगितला तेव्हा तो इतका खुशीत होता, की जणू मेव्हण्याला लग्नात न दिलेला आहेर उशिरा का होईना आणून देतो आहे. "जिजाजी, काठमांडूला चला," तो म्हणाला होता. "तिकडे दोन नाणी चालतात, त्यांचं आणि आपलं. आपल्या रुपयाला आज त्यांचे किती, ते रोज सकाळी बाजारात कळतं. जकात कोण कुठे घेतं, पत्ता नाही. मीठ आपलं, कापड आपलं, रॉकेल आपलं. आता सडकही आपलेच लोक बांधतायत. ही सगळी घडी बसवायला एक सल्लागार पाहिजे. पण असा पाहिजे की ज्याचा त्यांना राग येणार नाही. छोट्या राज्याशी बोलायचं कसं, ते दिल्लीत कुणाला येतच नाही हो. मी साहेबांना म्हटलं, आमचे जिजाजी आहेत ना. नांदवलला अडीच वर्षांत सगळं करून दाखवलं, आणि तिथून एक तक्रार आली नाही." शरदला आज संध्याकाळच्या गाडीने रतलामला जाऊन पुढे दिल्लीची गाडी धरायची होती. तोवर हो किंवा नाही, एवढंच त्याला हवं होतं. बाकीचं सगळं तो करणार होता.

एक तक्रार आली नाही. हे वाक्य अच्युतरावांनीच कधीतरी शरदला सांगितलं असणार. त्यांनी ते बऱ्याच जणांना सांगितलं होतं. माणसाला मिरवायला आयुष्यात एखादी तरी गोष्ट लागते, आणि अच्युतरावांची ती गोष्ट नांदवल होती. इंदूरच्या शेजारी ते चाळीसेक गावांचं राजपूत संस्थान. नकाशावर शोधायला गेलं तर आधी बोटाखालीच झाकलं जायचं. पण त्याचे स्वतःचे सायरचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, स्वतःची टाकसाळ होती, सरकी काढायचा एक छोटा कारखाना होता, आणि मंगळवारच्या बाजारात छिप्यांनी ठसे उठवून रंगवलेल्या साड्या घ्यायला लांबून बाया यायच्या. इंदूरच्या दरबाराने तरुण अच्युतरावांना तिथे उसने दिले होते. तेव्हा असं चालायचं. मोठ्या संस्थानाने छोट्याला शिकलेला माणूस उसना द्यायचा, आणि छोट्याने तो आनंदाने घ्यायचा. आनंदाने घेतला नसता तर काय झालं असतं, हे तेव्हा कुणी विचारत नसे. अच्युतराव तर नाहीच. ते पहिल्यांदा दरबारात शिरले, तेव्हा राजा उदयसिंह, जेमतेम पंचविशीतला, पातळ मिशांचा, गादीवरून उठून उभा राहिला आणि चालत त्यांच्यापाशी आला. बाजूचे सरदार गडबडीने उठले. कुणाच्या तरी तलवारीचं म्यान खांबावर आपटून खणकन आवाज झाला, तो आवाजसुद्धा अजून त्यांच्या कानात होता. राजाने उठून सामोरं जायचं म्हणजे ताजीम. ती मोठमोठ्या ठाकुरांना वंशपरंपरेने मिळते, आणि ज्यांना मिळत नाही ते तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुरतात. इथे ती एका सायर खात्यातल्या तिशीच्या पोराला मिळाली होती. त्या रात्री अच्युतरावांनी इंदुमतीला लिहिलं होतं, की इथली माणसं फार मोठ्या मनाची आहेत, माझ्यात त्यांनी काय पाहिलं कोण जाणे.

आणि मग त्यांनी त्या माणसांवर जीव लावला, हे अगदी खरं. कामही त्यांनी मनापासून केलं. त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. जे काही मांडायचं ते भर दरबारात, सगळ्यांच्या देखत मांडायचं. मागल्या दाराने काही करायचं नाही, कानात कुजबुजायचं नाही, राजाला एकट्याला गाठून गळी उतरवायचं नाही. इतर संस्थानांत गेलेले उसने अंमलदार नेमकं तेच करायचे, आणि अच्युतरावांना त्याची किळस होती. दिवसभराचं काम संपलं की ते राजासाहेबांबरोबर जेवत, राजासाहेब पेटी वाजवत, हे त्यांना मराठी पुस्तकं वाचून दाखवत, आणि त्या वेळी कामाचा शब्द काढायचा नाही हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. दरबारात मात्र ते मुद्देसूद बोलत. नाके उठवले तर माल स्वस्त येईल. टाकसाळीचा खर्च परवडत नाही, इंदूरचं नाणं आहेच. पक्की सडक झाली तर कापूस थेट मिलपर्यंत जाईल, मग सरकीचा जुना कारखाना चालवायचं कारण काय? बोलणं संपवून ते थांबत आणि विचारत, "कुणाची काही हरकत?" सगळे राजाकडे बघत. राजा हसून मान हलवी. अडीच वर्षांत एकदाही कुणी नाही म्हणालं नाही. सडक झाली. तिच्यावरून गाड्या कापूस भरून इंदूरला जात आणि येताना कापड, काडेपेट्या, साबण, मीठ घेऊन येत. मंगळवारचा बाजार आधी अर्ध्या दिवसाचा झाला आणि मग नुसता भाजीचा. छिपे एकेक करून इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आले आणि मिलमध्ये लागले. पुढे एकदा कामानिमित्त अच्युतराव परदेशीपुऱ्यात गेले असता एका चाळीतून चारपाच माणसं धावत आली आणि पाया पडली. "इंदौरवाले साहब! पहचाना नी? हम नांदवल के." त्यांनी चहा पाजला, पोरांना दाखवलं. अच्युतराव भारावून परतले होते. आज वेलदोड्यांची पुडी हातात धरून रामबागेच्या वळणावर उभं असताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की ती माणसं तिथे काय करत होती, हे आपण त्यांना विचारलं नव्हतं.

पण हेही खरं, की आता या सगळ्याला काय अर्थ होता? नांदवल गेलं तसं इंदूरही गेलं. ज्या दरबाराच्या जोरावर आपल्यासाठी गाद्या उठल्या तो दरबारच विरघळला आणि मध्यभारत झाला. पहिल्या काही महिन्यांतच अच्युतरावांना कळलं, की उसना माणूस म्हणजे काय ते आता आपल्याला शिकायचं आहे. ग्वाल्हेरवाल्यांची सेवाज्येष्ठता वर, इंदूरवाल्यांची खाली. वर दिल्लीहून आलेला एक हसतमुख सचिव, जो प्रत्येक बैठकीत "अच्युतजी, आपका क्या विचार है?" असं इतक्या अदबीने विचारी, की अच्युतरावांच्या तोंडून "ठीक है" शिवाय दुसरं काही निघत नसे. सरकारच सहा महिने इंदुरात आणि सहा महिने ग्वाल्हेरात. दसरा झाला की फायलींच्या पेट्या भरायच्या, गाडीत घालायच्या, थंडीभर तिकडच्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर दूध तापवायचं, आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा पेट्या. थकून गेले होते ते. काम करून थकतो तसे नाही. काम केलं नाही तरी थकायचे. सकाळी उठल्यावर चपलेत पाय सरकवण्याआधी क्षणभर बसून राहायचे आणि चपलेकडे बघायचे. आणि इंदुमती? लेक यशोधरा लग्न होऊन उज्जैनला गेल्यापासून हिवाळाभर ती त्या घरात एकटी असे. तिने कधी कुरकुर केली नाही. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, ग्वाल्हेरहून परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कशी होतीस?" तेव्हा ती म्हणाली होती, "संध्याकाळी बोलायला कुणी नसलं की मी रेडिओला उत्तरं देते." दोघंही हसले होते. विनोद म्हणून ते वाक्य त्यांनी कचेरीतही सांगितलं होतं.

घरी पोचले तेव्हा इंदुमती चक्क्यात साखर फेटत होती आणि शरदला विचारत होती, "तिकडे थंडी किती असते रे? लोकरीचं सगळं इथून न्यायचं, का तिथे चांगलं मिळतं?" खाटेवर जुन्या पेटीतून काढलेल्या दोन शाली ऊन दाखवायला पसरल्या होत्या. नवऱ्याला बघून ती थांबली. "अहो, चारोळी?" "राहिली," अच्युतराव म्हणाले. शालींवरून हात फिरवून तिने त्यांच्या सुरकुत्या उगाचच सारख्या केल्या. तिचा चेहरा कित्येक वर्षांत नव्हता असा उजळलेला होता, हे अच्युतरावांना दिसलं. दिसलं आणि ते ओझ्यासारखं वाटलं. शरद म्हणाला, "जिजाजी, तुम्ही दोघं असाल ना तिथे, बंगला मिळेल, माळी मिळेल. विमानतळावर हार घेऊन त्यांचा मंत्री येईल घ्यायला, आहात कुठे!" "मंत्री येतो?" "येतो म्हणजे? फार अदब आहे हो त्यांच्यात. फार मानतात आपल्या लोकांना." अच्युतरावांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी जाहीर केलं, की त्यांना तुकोगंजात एका ओळखीच्या माणसाला भेटून यायचं आहे, जेवायच्या आत येतो. आत्ता? या उन्हात? इंदुमती दारापर्यंत आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ते टांग्यात बसले.

राजासाहेब नांदवल सोडून पाच वर्षांपूर्वीच इंदुरात येऊन राहिले होते. तुकोगंजात भाड्याचा बंगला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर पाय ठेवून उदयसिंह बसलेले, मांडीवर वर्तमानपत्राचं खेळाचं पान. घोड्यावरून पडल्यापासून त्यांचा एक पाय दुमडत नसे. मिशा आता जाड आणि पांढऱ्या झाल्या होत्या. अच्युतरावांहून वयाने लहान असूनही ते मोठे दिसत. "या, अच्युतराव, या! उठत नाही, माफ करा. हा पाय नाटकं करतो." मराठी ते अच्युतरावांकडूनच शिकले होते, इंदूरशी बोलायला लागते म्हणून, आणि आता ती त्यांना इतकी गोड वाटे की मराठी माणूस दिसला की हिंदी सोडून देत. नांदवलला जाता की नाही, असं अच्युतरावांनी विचारलं. राजासाहेब हसले. "तिथे आहे काय? डॉक्टर इथे, बाजार इथे, क्रिकेट इथे. मी एकटाच कशाला मागे राहू?" त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. अच्युतरावांना काय विचारायला आलो तेच आधी समजेना. मग त्यांनी काठमांडूचं सांगितलं. राजासाहेब एकदम खुलले. "जा ना! आमची एक मावसबहीण दिली आहे तिकडे. तिला सांगून ठेवतो. तुमच्यासारखा माणूस मिळेल त्यांना, नशीब लागतं." "राजासाहेब," अच्युतराव म्हणाले, "खरं सांगा. नांदवलला मी जे जे मांडलं, ते तुम्हाला पटत होतं ना? तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

उदयसिंहांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "ना कसं म्हणणार? ताजीम दिली होती ना तुम्हाला." "म्हणजे?" "म्हणजे काय? ज्याच्यासाठी गादी उठते, त्याला भर दरबारात ना म्हणत नाहीत. ना म्हटली तर गादीचीच बेइज्जती. मग उठली कशाला? ना म्हणायची असली तर एकांतात म्हणायची, हळूच. तो माणूसच मग दरबारात आपली गोष्ट मागे घेतो, त्याची इज्जत राहते, आपली राहते." अच्युतरावांचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" "नाही," अच्युतराव म्हणाले. "अरे राम," राजासाहेब म्हणाले. "आम्हाला वाटायचं, ठाऊक आहे. इंदौरच्या माणसाला सगळं ठाऊक असतं असंच वाटायचं आम्हाला. रोज जेवायला बसलो की मी म्हणायचो, आज विचारतील. पेटी काढायचो, दोन चिजा वाजवायचो, म्हणायचो, आता विचारतील. तुम्ही पुस्तक उघडायचे. मग आमच्या लक्षात आलं, की हे एकांत मिळूनही विचारत नाहीत, त्या अर्थी इंदौरचं मन पक्कं झालेलं आहे. आता काही उपाय नाही."

"पण मग मला सांगायचं होतं," अच्युतराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच चिरका वाटला. "काय सांगायचं? पाहुण्याला? की आमची अशी अशी रीत आहे, तर जरा आम्हाला ना म्हणायची सोय करून द्या?" राजासाहेब हसले, पण या वेळी ओठांनीच. "एकदा आमचा कामदार, दिवाणच म्हणा ना, पाठवला होता तुमच्या डेऱ्यावर. टाकसाळ बंद करायच्या आदल्या संध्याकाळी." अच्युतरावांना ते आठवलं. आठवावं लागलंच नाही, ते तिथेच होतं. म्हातारा कामदार, हातात पगडी, दारात उभा, म्हणत होता, साहब, दो बात अकेले में करनी थी. आणि आपण त्याला बसायलासुद्धा न सांगता म्हणालो होतो, जे काही असेल ते उद्या दरबारात, सगळ्यांसमोर बोला. तो गेल्यावर आपल्याला किती स्वच्छ वाटलं होतं! मागल्या दाराने आलेल्याला मागल्या दारानेच परत पाठवलं, म्हणून त्या रात्री आपण शांत झोपलो होतो. चहा आला. राजासाहेबांनी स्वतःच्या हाताने साखर घातली, किती ते त्यांना अजून लक्षात होतं. "तुमचा दोष नाही हो," ते म्हणाले. "हरायचं तर होतंच. तुम्ही नाही तर दुसरा कुणी आला असता. पण एक सांगू? दुसरा कुणी असता, गुर्मीवाला, तोंडाळ, तर आम्ही उठलोच नसतो. मग ना म्हटली असती. भांडलो असतो. हरलो असतो, पण भांडलो असतो. पोरांना सांगायला झालं असतं. तुमच्याशी भांडायची लाज वाटायची, अच्युतराव. तुम्ही इतके चांगले होता." आणि मग, विषय संपला असं धरून, त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि येत्या मोसमात इंदूरच्या संघात कोण कोण असेल याबद्दल अच्युतरावांचं मत काय ते विचारलं.

टांग्याने परत येताना अच्युतरावांना आपण रडू असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. घोड्याच्या टापांचा आवाज येतच नव्हता. अडीच वर्षं, ते मनाशी म्हणत होते, अडीच वर्षं ती माणसं माझ्यासमोर जेवायला बसली आणि वाट बघत राहिली, आणि मी त्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. आणि ती ताजीम! आपल्या गुणांची पारख झाली असं समजून एवढी वर्षं उराशी धरलेली ती ताजीम! ती तर त्यांनी भिंतीला दिली होती, जी इंदूरची भिंत आपल्या मागे उभी होती, आणि भिंतीला दिलेली ताजीम आपण खिशात घालून हिंडलो. दुष्ट असतो तर बरं झालं असतं. लबाड असतो तरी एकांतात गाठलं असतं, आणि तिथे तरी त्यांना नाही म्हणता आलं असतं. काठमांडूला तेच होणार. हार घेऊन मंत्री येईल. कोणत्या हाराचा काय अर्थ, कोणत्या हसण्याने कोणतं दार लागलं, हे आपल्याला कधी कळणार नाही. अच्युतराव मुद्देसूद बोलतील, थांबतील, विचारतील, कुणाची काही हरकत? आणि तिथली अदबशीर माणसं हसून माना हलवतील. एक तक्रार येणार नाही. फार दमायला झालं त्यांना. टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, रामबाग आ गया," तरी ते बसूनच होते.

पानं वाढलेली होती. शरद गाडीच्या घाईत होता, तरी श्रीखंड दुसऱ्यांदा घेत होता आणि चारोळीवाचून काही अडत नाही असं बहिणीला सांगत होता. अच्युतराव हात धुऊन पाटावर बसले. पहिला घास तोंडात घालायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, कारण घास घेतला असता तर तो धीर पुन्हा आला नसता. "शरद, मी येत नाही." शरदचा हात थांबला. "का हो जिजाजी?" "नाही येत. दुसरा पाठव. आणि हे बघ, कुणीतरी उद्धट बघून पाठव. ग्वाल्हेरच्या कचेरीतला एक आहे माझ्या ओळखीचा, चारचौघांत माणसाचा पाणउतारा करतो. त्याला ने. त्याच्याशी त्यांना भांडता तरी येईल." शरद खो खो हसला. "ताई, ऐकलंस? हे म्हणतात उद्धट माणूस ने! दिल्लीला सांगतो, अशी शिफारस आजवर कुणी केली नसेल." मग हसू आवरून तो बहिणीकडे वळला. "पण ताई, तुझं काय म्हणणं? तू सांग ना यांना." इंदुमती वाढत होती. तिने वाटीत डाव टेकवला, डावातलं अर्धं वरण परत भांड्यात सोडलं. "त्यांचं म्हणणं तेच माझं," ती म्हणाली. "मी काय निराळं सांगणार?" अच्युतरावांना केवढा आधार वाटला. निदान हिला तरी कळलं. काही न सांगता कळलं. त्यांनी घास घेतला. कित्येक दिवसांत जेवणाला चव लागली नव्हती ती आज लागली, आणि त्यांनी शेवटी ताक मागून घेतलं.

शरद गेला. टांगा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दोघं ओट्यावर उभी होती, मग इंदुमती आत गेली. अच्युतराव खुर्चीत बसले. त्यांना वाटत होतं की आज खूप वर्षांनी आपण काहीतरी बरोबर केलं, आणि ते कुणाला तरी सांगावं, राजासाहेबांचं सगळं, कामदाराचं, ताजिमीचं. ते उठून आत गेले. इंदुमती खाटेवर बसून शालींच्या घड्या घालत होती. घडीत डांबराच्या गोळ्या ठेवून ती पेटीच्या तळाशी शाल दाबत होती, फार जोराने, जणू ती वर येईल. "तुला पटलं ना?" त्यांनी विचारलं. तिने दुसरी शाल घेतली. "इंदू?"

"शरदसमोर मी काय म्हणणार होते?" ती म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नाही. राग असता तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. अच्युतराव चौकटीला धरून उभे राहिले. मघाशी ती दारापर्यंत आली होती, तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि आपण टांग्यात बसलो होतो. "मग आता सांग," ते म्हणाले. "आता कुणी नाही इथे. आता सांग मला."

"आता काय सांगू," इंदुमती म्हणाली. "टांगा स्टेशनावर पोचलासुद्धा असेल." तिने पेटीची कडी लावली, पदराने हात पुसले, आणि दसऱ्यानंतर ग्वाल्हेरला जाताना या खेपेला दुसरी रजई न्यायची का, असं विचारलं.